नाव उचलले, गोष्ट मागेच राहिली: या चुका टाळा

माहितीचे विश्लेषण करणारी 'पॅलँटीर' ही कंपनी 2003 साली अमेरिकेत स्थापन झाली आणि 2017 साली संरक्षण-तंत्रज्ञानातली 'अँडुरिल' आली. दोन्ही नावे टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (1954-55) या कादंबरीतली आहेत. अशी नावे देणाऱ्यांचे त्या कथेवर प्रेम असते, यात मला शंका नाही. म्हणूनच तिचे वाचन चुकते तेव्हा अधिक वाईट वाटते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे वस्तूचे सामर्थ्य लक्षात ठेवून ती वापरणाऱ्याचे पुढे काय झाले हे विसरणे. पॅलँटीर हे दूरचे दाखवणारे पाषाण-गोल. गाँडोर या राज्याचा कारभारी डेनेथॉर त्यात डोकावतो तेव्हा काळ्या शिडांची जहाजे नदीतून वर येताना त्याला दिसतात, आणि ती खरोखरच येत असतात. मात्र ती गाँडोरच्या गादीचा वारस आरागॉर्न याने जिंकून घेतली आहेत व त्यांतून मदतच येत आहे, हे त्याला कळत नाही, कारण त्याला काय दिसावे हे शत्रू, म्हणजे सॉरॉन, ठरवत असतो. खचलेला डेनेथॉर तो गोल छातीशी धरून चितेवर जळून जातो आणि त्यानंतर त्यात पाहणाऱ्या बहुतेकांना आगीत करपणारे दोन म्हातारे हातच दिसतात. डॅशबोर्डवरचे सगळे आकडे बरोबर असूनही निर्णय फसत असेल, तर ते आकडे कोणी निवडले आणि काय वगळले, हे आधी विचारावे.

अँडुरिल ही आरागॉर्नची तलवार. पण राजा परतल्याची वार्ता नगरात पसरते ती त्याने जखमींना बरे केल्यामुळे.

'आमचा हेतू चांगला आहे, म्हणून ही शक्ती आमच्या हाती सुरक्षित आहे,' ही समजूत डेनेथॉरचा मुलगा बोरोमिर याची होती; सॉरॉनची सर्वशक्तिमान अंगठी त्याला त्याच्याच विरुद्ध वापरायची होती. जादूगार गँडाल्फ ती अंगठी नाकारतो तो नेमक्या याच भीतीने, की दयेच्या आणि भले करण्याच्या इच्छेच्या वाटेनेच ती आपला ताबा घेईल. म्हणून कोणतेही उत्पादन हाती घेताना, कितीही नफा असला तरी आपण काय बनवणार नाही, हे संघाने सुरुवातीलाच लिहून ठेवावे.

कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किन यांनी स्पष्ट केले आहे की, कथा प्रत्यक्ष दुसऱ्या महायुद्धाच्या वळणाने गेली असती, तर अंगठी हस्तगत करून सॉरॉनविरुद्ध वापरली गेली असती आणि त्याचा बुरूज नष्ट न होता ताब्यात घेतला गेला असता.