स्लीप ॲप्नियात (झोपेत श्वास वारंवार अडण्याचा आजार) दिवसाची झोप मोजताना या चुका टाळा

‘दिवसभर अंगात त्राण नसतं’ म्हणणाऱ्या पेशंटची एपवर्थ स्केलवरची बेरीज 5 आली, तर लगेच फॉर्मवर शंका घेऊ नका. ही प्रश्नावली थकवा मोजतच नाही. वाचताना, टीव्हीपुढे, दुपारी आडवं झाल्यावर अशा 8 प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, एवढंच ती विचारते. प्रत्येक प्रसंगाला 0 ते 3, एकूण 24. बेरीज 10 च्या वर गेली की झोप जास्त. दमलेला माणूस पडून राहतो, पण त्याचा डोळा लागेलच असं नाही. उलट, प्रश्न थकव्याचा समजून भरला की आकडा फुगतो. फॉर्म हातात देतानाच सांगा: ‘दमता का ते नको, डोळा लागतो का ते लिहा.’

‘मी कधी गाडीत बसतच नाही’ म्हणून एक प्रश्न रिकामा राहिला, तर बेरीज बाद. तिथे शून्य घालू नका, उरलेल्या सातांची सरासरीही नको. तशी वेळ आली तर काय होईल, याचा अंदाज पेशंटनेच लिहायचा असतो.

खरा घोळ कमी लिहिण्याचा. ज्याचं पोट ड्रायव्हिंगवर आहे, तो ट्रॅफिकमध्ये गाडी थांबल्यावर डुलकी लागते असं लिहून देईल, ही अपेक्षाच भाबडी. शिवाय वर्षानुवर्षं पेंगणाऱ्याला आपलं पेंगणं जाणवतच नाही. जोडीदाराकडून तोच फॉर्म वेगळा भरून घ्या. तफावत मोठी असेल, तर स्टिअरिंगवर डोळा लागला होता का, हे थेट विचारा. नोकरीचा प्रश्न असेल तिथे अंधुक खोलीत 40 मिनिटं जागं राहण्याची चाचणी लागते. कागदावर निर्णय नको.

श्वास तासाला 40 वेळा अडतो आणि एपवर्थ 6, असंही दिसतं. म्हणून कमी आकड्यावर स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास नोंदवणारी तपासणी, रद्द करू नका.

जीवनमानासाठी एफओएसक्यू (झोपेमुळे रोजची कामं किती अडतात हे विचारणारी प्रश्नावली) वापरत असाल, तर दिशा सांभाळा: तिथे 5 ते 20, आणि जास्त म्हणजे चांगलं. 30 प्रश्नांच्या फॉर्ममध्ये ‘हे काम मी इतर कारणांमुळे करत नाही’ या उत्तराला 0 छापलेला असतो. तो गुण नव्हे. ते उत्तर सरासरीतून वगळायचं.

सीपॅपनंतर (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन) एपवर्थ 2-3 गुणांनी उतरला, तर फरक खरा मानता येतो. उतरला नाही, तर आधी मशीनमधले वापराचे तास आणि मास्कची गळती बघा, मग झोपेचे एकूण तास, गुंगी आणणाऱ्या गोळ्या, थायरॉइड आणि नैराश्य.