लाइव्ह मायग्रेशनमध्ये व्हीएमची रॅम उघडी जात होती, ते असं बंद केलं

केव्हीएमचे (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) दोन होस्ट म्हणजे सर्व्हर, वर त्या मशीन सांभाळणारं लिबव्हर्ट, आणि चालू व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, बंद न करता एकावरून दुसऱ्यावर हलवायची (लाइव्ह मायग्रेशन), हे मी कितीतरी महिने बिनधास्त करत होतो कारण कनेक्शन एसएसएचवरून, म्हणजे एन्क्रिप्ट होऊन, होतं. एकदा सहज टीसीपीडम्प (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं टूल) लावला तर पोर्ट ४९१५२ वरून अख्खी रॅम साध्या टीसीपीने, एन्क्रिप्शनशिवाय चाललेली, त्यात डेटाबेसचा पासवर्ड चक्क वाचता येत होता! पोटात गोळाच आला. एसएसएचमधून फक्त कमांड जातात, मेमरी एका क्यूईएमयूकडून (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) दुसऱ्याकडे थेट जाते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

मग दोन्ही होस्टवर सर्टिफिकेट टाकली आणि मायग्रेट कमांडला टीएलएसचा (एन्क्रिप्शनचा) ऑप्शन दिला. लगेच नाही चाललं. सर्टिफिकेटची की फाईल रूटच्या नावावर, परमिशन ६०० (फक्त मालकालाच वाचता येते), आणि क्यूईएमयू चालतं वेगळ्या युजरने, त्याला ती वाचताच येईना, म्हणून ग्रुप बदलून ६४० (ग्रुपलाही वाचता येते) केलं. तरी एरर, कारण सर्टिफिकेटमध्ये होस्टनेम आणि मी देत होतो आयपी, मग आयपीपण घालून नवीन बनवलं. परत डम्प लावला, नुसती गिचमीड दिसली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

डेटाबेसचा पासवर्ड त्याच रात्री बदलला.