गाडीला इलेक्ट्रिक विंच बसवताना
विंचची, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राची, क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या किमान दीडपट असावी आणि तिची प्लेट बंपरच्या पत्र्याला नव्हे, तर थेट चॅसीला कसावी. वायरिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. ती सर्वांत शेवटी जोडावी. पूर्ण भाराखाली १२ व्होल्टची मोठी विंच ४०० अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचते, म्हणून तिच्या जाड केबल थेट बॅटरीपर्यंत न्याव्यात आणि मधे आयसोलेटर स्विच (वीजपुरवठा पूर्ण तोडणारा स्विच) बसवावा. येथे काटकसर मुळीच करू नये. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घालावे, कारण हादऱ्यांनी इन्सुलेशन घासले जाऊन उघडी पडलेली तांब्याची तार चॅसीला टेकली, तर क्षणात आग लागू शकते. एक्झॉस्टपासूनही केबल दूर बांधावी. ओढताना ड्रमवर स्टीलच्या दोराचे किमान ५ वेढे राहिलेच पाहिजेत.