आधी फोटो, मग पानशेत
‘पानशेतच्या पुराबद्दल सांगा’ म्हटलं की माणसं १२ जुलै १९६१ ही तारीख सांगतात आणि चहा विचारतात. म्हणून पुण्याच्या नारायण पेठेत लोकांच्या आठवणी आणि जुने फोटो जमवायला जाताना मी एक जुना फोटो नेतो. ‘या वाड्यात पाणी कुठवर आलं होतं?’ एवढं विचारायचा अवकाश, आजी उठून भिंतीवर हात ठेवूनच दाखवतात. रेकॉर्डिंग त्याआधीच, परवानगी घेऊन, सुरू झालेलं हवं. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. त्या थांबल्या तर मध्ये बोलू नका. हे शिकायला मला वर्ष लागलं.

त्यांच्याकडचे फोटो आपल्या घरी न नेता तिथेच ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. पोस्टकार्डाची तारीख शिक्क्यावरच मिळते. नावं मागे कडेला, मऊ पेन्सिलीने. बॉलपेन पुढे उमटतं. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका, पानासकट स्कॅन करा. लॅमिनेशन तर नकोच. मी हौसेने चार केले, चारही पिवळे पडले.

फाइलच्या नावात पेठ, वाडा, साल. एक प्रत मोठी छापून घरच्यांना द्या. ती पाहून शेजारचे आपली ट्रंक उघडतात.