गणित कच्चं आहे आणि कोडिंग शिकताय? या चुका टाळा

घणसोलीत संध्याकाळी मी काही मुलांना पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. "ताई, दहावीला गणितात कसाबसा सुटलो, मला जमेल का?" हा प्रश्न ठरलेला. जमतं. अडतं ते दुसऱ्याच गोष्टींपाशी.

"आधी गणित पक्कं करतो, मग कोडिंग" असं म्हणून काहीजण सहा-सहा महिने बीजगणितात घालवतात. वेबसाइट, बिलिंग, फॉर्म यांना बेरीज-गुणाकार, टक्केवारी आणि जर-तरचा विचार पुरतो. 2020 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांना 36 जणांच्या छोट्या अभ्यासात दिसलं, की पायथॉन किती लवकर येतं याचा संबंध आकडेमोडीपेक्षा भाषा शिकण्याच्या क्षमतेशी जास्त आहे. मशीन लर्निंग किंवा थ्रीडी गेम करायचे असतील तर गणित लागेलच, पण ते तेव्हा शिका.

सगळ्यात घातक चूक म्हणजे प्रत्येक एररचं खापर गणितावर फोडणं. एका मुलाने ठाणे ते वाशी स्टेशनांची यादी केली: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. नऊ नावं. वाशी हवं म्हणून त्याने 9 क्रमांक मागितला. स्क्रीनवर आलं, 'लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज'. "बघा ताई, माझं गणितच कच्चं," म्हणून त्याने लॅपटॉप मिटायला घेतला. मी त्याला यादी वहीत लिहायला लावली आणि प्रत्येक नावाखाली आकडा टाकायला सांगितला, ठाण्याखाली शून्य. वाशीखाली आठ आला. पायथॉन शून्यापासून मोजतो, एवढंच. ही चूक मुरलेल्या प्रोग्रामरकडूनही होते.

तसंच तिकिटांच्या हिशोबाचं. 'इनपुट'मधून, म्हणजे वापरणाऱ्याने टाइप केलेलं, 10 घेऊन 2 ने गुणलं की उत्तर येतं 1010, कारण इनपुट आकडा नाही, मजकूर देतो. आधी 'इंट' लावून त्याचा आकडा करा, 20 येईल.

व्हिडिओ बघून जसाच्या तसा कोड उतरवू नका. बंद करून स्वतः लिहा, अडलात तरच उघडा.

एरर आली की आधी तिची शेवटची ओळ मोठ्याने वाचा. मग कोणती ओळ चालली, कोणत्या व्हेरिएबलमध्ये (माहिती साठवायच्या नावात) काय आलं, हे वहीत मांडा. याला ड्राय रन म्हणतात. तो मुलगा आता लॅपटॉपच्या आधी वही उघडतो.