मशीन बसवताना या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत क्रेनवरून मशीन उतरली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "चालू कधी होणार?" नारळ फोडायचा मुहूर्त काढलेला असतो आणि ग्राउट (मशीनच्या बेसखाली भरलेला सिमेंटचा मसाला) अजून ओलंच असतं. पुढच्या कितीतरी तक्रारी इथेच जन्मतात.

नागपुरात आधी पाया बघा. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जड प्रेस थेट शेडच्या फ्लोअरिंगवर बसवली, तर मे महिन्यात साधलेली लेव्हल ऑगस्टमध्ये टिकेलच असं नाही. फाउंडेशनखालची काळी माती काढून मुरूम भरून घ्या आणि पहिल्या पावसाळ्यानंतर लेव्हल पुन्हा तपासा.

बेअरिंग सारखं गरम होतंय? बदलण्याआधी मोटरचे पाय बघा. एक पाय नीट टेकलेला नसताना बोल्ट आवळला की बॉडीच पिळते. चारही बोल्ट आवळा, एका पायावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावा आणि तेवढाच बोल्ट सैल करा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त सरकला तर त्या पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, घाला. असे चारही पाय तपासा. कपलिंगचं अलाइनमेंट, म्हणजे मोटर आणि मशीनचे शाफ्ट एका रेषेत आणणं, त्यानंतरच, आधी केलेलं वाया जातं.

थ्री-फेज वीजजोडणीत फेज उलटे लागले तर हायड्रॉलिक पंप उलटा फिरतो, तेल ओढत नाही आणि कोरडा चालून खराब होतो. आधी पंपात तेल भरा, मग क्षणभरच बटण दाबून दिशा बघा. मोटरला मेगर मारताना (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासताना) ड्राइव्हकडच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटकडच्या, वायरी सोडवायलाच हव्यात, नाहीतर ड्राइव्ह जळू शकतो.

बरेच ड्राइव्ह पूर्ण लोडवर ४० अंशांपर्यंतच चालायचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश, पॅनलच्या आत त्याहून जास्त. मग दार उघडून समोर कूलर लावला जातो. कृपा करून हे करू नका. ओलसर हवा आणि धूळ थेट इलेक्ट्रॉनिक कार्डांवर बसते. पॅनलला एसी लावा किंवा ड्राइव्ह मोठा घ्या.

टेन्साइल टेस्टिंग मशीन (नमुना ताणून त्याची ताकद मोजणारी) सुटी करून आणली असेल तर कारखान्यातलं जुनं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट चालत नाही. आयएसओ ७५००-१ प्रमाणे नव्या जागी जोडल्यावर ते पुन्हा करावं लागतं. त्याआधी शेजारची प्रेस चालू आणि बंद ठेवून रिकाम्या मशीनचं रीडिंग बघा. आकडा नाचत असेल तर आधी जागा बदला, मगच कॅलिब्रेशनवाल्याला बोलवा.