एक्स्टर्नल ड्राइव्हवरील फुटेज अडखळते तेव्हा आधी काय तपासावे

व्हिडिओ संपादनाच्या माझ्या पहिल्या मोठ्या कामात टाइमलाइन (सॉफ्टवेअरमधील क्लिप क्रमाने मांडण्याची पट्टी) दर दोन-तीन सेकंदांनी थबकत होती, आणि सर्व फुटेज एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर असल्यामुळे दोष डिस्कचाच असणार असे मी गृहीत धरले. नवी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान ड्राइव्ह) घेतली, फुटेज तिच्यावर हलवले, तरी चित्र पूर्वीसारखेच अडखळत राहिले. तेव्हापासून मी नवशिक्यांना सर्वांत आधी एक साधी चाचणी करायला सांगतो: अडखळणारी एकच क्लिप संगणकाच्या आतील एसएसडीवर कॉपी करावी आणि कोणताही इफेक्ट न लावता तेथून चालवून पाहावी. तेथेही ती अडखळली, तर ड्राइव्ह बदलून काहीही साधणार नाही.

माझे फुटेज एच.२६४ या व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या स्वरूपात, सेकंदाला १०० मेगाबिटचे होते. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे ड्राइव्हकडून सेकंदाला जेमतेम १२.५ मेगाबाइट वाचले जाणे पुरेसे होते आणि जुनी हार्ड डिस्कही तेवढे सहज देते. मात्र या स्वरूपात बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, शेजारच्या फ्रेमपासूनचा फरक तेवढा नोंदवलेला असतो. त्यामुळे टाइमलाइनवर मधूनच कोठेही थांबले, की ती एक फ्रेम दाखवण्यासाठी प्रोसेसरला मागच्या कित्येक फ्रेम उलगडाव्या लागतात. दहा बिट ४:२:२ प्रकारचे, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणारे, एच.२६४ फुटेज उलगडण्याची सोय तर अनेक ग्राफिक्स कार्डांत नसतेच. अशा वेळी प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या संपादनाला सोप्या स्वरूपांत कमी रिझोल्यूशनच्या प्रॉक्सी, म्हणजे मूळ फुटेजच्या हलक्या प्रती, तयार करून संपादन करावे आणि अंतिम एक्स्पोर्ट मूळ फुटेजवरून करावा. प्रॉक्सी तयार होण्यात जाणारा वेळ वाया गेला असे मला कधीही वाटलेले नाही.

प्रोरेसची गोष्ट नेमकी उलटी आहे. प्रोरेस ४२२ एचक्यू या त्याच्या उच्च दर्जाच्या प्रकारातील यूएचडी (३८४० × २१६० पिक्सेल) फुटेज सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने सुमारे ७३७ मेगाबिट, म्हणजे साधारण ९२ मेगाबाइट मागते. प्रोसेसरला ते हलके जाते, पण दोन कॅमेऱ्यांचे कोन एकत्र चालवले, की खिशात मावणारी हार्ड डिस्क हमखास मागे पडते, कारण तिच्या डेटा वाचणाऱ्या हेडला दोन फाइलींमध्ये सतत ये-जा करावी लागते. येथे एसएसडीच हवी.

एसएसडी असूनही वेग मिळत नसेल, तर केबलकडे पाहावे. टाइप-सी टोकाच्या सर्व केबल दिसायला सारख्याच असतात, पण फोन चार्जिंगसाठी मिळणाऱ्या बऱ्याच केबल फक्त यूएसबी २.० चा वेग देतात. तो कागदावर ४८० मेगाबिट असला तरी प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० मेगाबाइटच हाती येतात. ड्राइव्हवरून एक मोठी फाइल आतील एसएसडीवर कॉपी करावी. वेग चाळिशीच्या आसपास अडकला, तर केबल, पोर्ट आणि मध्ये लावलेला हब एकेक करून बदलून पाहावा. मी तर हब प्रथम काढतो. सॉफ्टवेअरची मीडिया कॅशही (काम करताना ते बनवत असलेल्या तात्पुरत्या फाइली) आतील एसएसडीवर ठेवावी, म्हणजे बाहेरच्या ड्राइव्हला एकाच वेळी वाचणे आणि लिहिणे अशी दोन्ही कामे करावी लागत नाहीत.